कादंबरीतली बाग नेमकी कशी गेली, आणि कुणाला कधीपासून माहीत होतं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला तो असा समजला: कादंबरी आहे, कोकणातलं घर आणि हापूसची बाग, तीन भावंडं पन्नाशीच्या आसपासची, दादा गावात, ताई पुण्यात, धाकटी मुंबईत. वडील १९९१ ला गेले. २०१८ ला आई जाते आणि तेरावं झाल्यावर बहिणींना कळतं की बाग १९९८ मध्येच विकली गेलीय, दादानं परस्पर विकली. ज्यांनी वाचलं त्या मैत्रिणी म्हणतात पटत नाही, आणि तुम्ही विचारताय की कायद्यानं असं होऊ शकतं का, आणि होत नसेल तर काय बदलू.

जसं लिहिलंय तसं नाही होऊ शकत. पण मैत्रिणींना पटत नाही त्याचं कारण कायदा नाहीये असं मला वाटतं, ते शेवटी येतोच.

मी गेली ३१ वर्षं कोकणातल्या एका तालुका कोर्टात दिवाणी कामं करतोय, त्यातले निम्म्याहून जास्त वाटपाचे दावे, म्हणजे सख्खी भावंडं एकमेकांसमोर. त्यामुळे कथा-कादंबरीत हा विषय आला की मी फार आशेनं वाचतो आणि बहुतेक वेळा तिथंच अडकतो जिथं "मोठ्यानं सगळं हडप केलं" असं एका वाक्यात उरकलेलं असतं. एकट्याला हडप करता येत नाही हो. सामायिक मिळकतीत एका हिस्सेदाराला फक्त स्वतःचा अविभक्त हिस्सा विकता येतो, बाकीच्यांचा नाही, आणि कोकणात बाग घेणारा माणूस आधी सातबारा बघतो, त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते बघतो, आणि नाव असलेल्या प्रत्येकाची सही मागतो. आमच्याकडं एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असतात, त्यातली अर्धी वारलेली, आणि हिस्से अजून आणे-पै मध्ये लिहिलेले (सोळा आणे म्हणजे पूर्ण मिळकत, बारा पैचा एक आणा). म्हणून पहिला प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा, १९९८ ला त्या सातबाऱ्यावर नावं कुणाची होती?

इथं एक गैरसमज काढून टाकतो कारण तुमच्या तिसऱ्या प्रकरणात ताई म्हणते की "तेव्हा मुलींना हक्कच नव्हता". होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलगी बापाच्या हिश्श्यात वारस आहेच. फक्त मिळकत वडिलोपार्जित असेल तर हिस्सा फार बारीक यायचा. तुमच्याच कुटुंबाचं गणित करून दाखवतो. १९९१ ला वडील गेले, मागे आई, एक मुलगा, दोन मुली. आधी वडील, आई आणि मुलगा असे तीन भाग कल्पायचे, मग वडिलांचा तिसरा भाग चौघांत. म्हणजे दादाला आणि आईला प्रत्येकी ६ आणे ८ पै, आणि दोघी बहिणींना प्रत्येकी १ आणा ४ पै. सोळा आण्यातले एक आणा चार पै. मग ९ सप्टेंबर २००५ ला कायदा बदलला, मुलगी जन्मापासून मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार झाली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की २००५ ला बाप हयात असायची गरज नाही. तीच बाग २००५ पर्यंत न विकता, न वाटता राहिली असती तर त्याच बहिणीचे ४ आणे झाले असते. पण २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेले व्यवहार या बदलानं उघडता येत नाहीत. मला विचाराल तर तुमच्या कादंबरीतली सगळ्यात मोठी हळहळ इथं आहे आणि तुम्ही तिला हातही लावलेला नाही, की बाग अजून सात वर्षं थांबली असती तर.

आणि घराबद्दल वेगळा नियम होता तो तर लेखकाला आयता हातात दिल्यासारखा आहे. २००५ पर्यंत, राहत्या घरात मुलीला हिस्सा असला तरी ते घर वाटून मागायचा अधिकार तिला नव्हता, मुलगे वाटप करायचं ठरवतील तोपर्यंत थांबायचं. मात्र अविवाहित, विधवा किंवा नवऱ्यानं टाकलेली असेल तर राहण्याचा हक्क होता. म्हणजे तुमची ताई नवरा गेल्यावर माजघराशेजारची खोली कुलूप लावून ठेवते ना, तो हट्ट नाही तो हक्क आहे, आणि तिला तो माहीत नाही म्हणून ती अपराध्यासारखी किल्ली पदराला बांधून फिरते असं दाखवलंत तर मला फार आवडेल.

आता बाग जाते कशी. एक रस्ता म्हणजे बाप गेल्यावर वारस नोंद करताना एकट्या मोठ्या मुलाचं नाव लावलं जातं आणि पुढं "ए.कु.मॅ." लिहिलं जातं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ती तीन अक्षरं पुढच्या एखाद्या फेरफारात, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलण्याच्या नोंदीत, गळून पडतात, किंवा बहिणींची नावं मुख्य रकान्यात न लावता इतर हक्कात टाकली जातात. दुसरा रस्ता कुलमुखत्यारपत्र, मुंबईची भावंडं "लाइटच्या मीटरचं काम आहे, सारखं सुट्टी काढून कुठं येता" म्हणून गावच्या भावाला लिहून देतात आणि आत विकण्याचा अधिकारही लिहिलेला असतो. या दोन्हीवर जास्त लिहीत नाही, तुम्हाला लागतील तेवढे तपशील कुठलाही वकील देईल.

तिसरा रस्ता हक्कसोडपत्र, म्हणजे बहिणी आपला हिस्सा सोडून देतात तो कागद, आणि मी तुमच्या जागी असतो तर हाच घेतला असता. कारण त्यात कुणी चोर नसतो. तुम्हाला डोळ्यांसमोर यावं म्हणून सांगतो कसं होतं ते. सकाळच्या एसटीनं बहिणी तालुक्याला येतात, दादा स्टँडवर घ्यायला उभा, आधी हॉटेलात चहा-भजी, मग दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाच्या ऑफिसाबाहेरच्या बाकावर दोन तास. लिहिणारा माणूस टाइप केलेले कागद आणतो, प्रत्येक पानावर सही, कुणी वाचत नाही. वाचायला मागणं म्हणजे दादावर अविश्वास, आणि तो समोर बसलाय, सकाळपासून उपाशी आहे, त्यानंच चहाचे पैसे दिलेत. आत साहेब एकच प्रश्न विचारतो, "राजीखुशीनं देताय ना? पैसे वगैरे काही घेतलेत?" बहीण मान हलवते. कागदात लिहिलेलं असतं की "माझे लग्नात मला माझ्या हिश्श्यापोटी सर्व काही मिळाले असून" आणि खाली सही. हल्ली फोटो आणि मशीनवर अंगठा असतो, १९९८ ला तुमच्या बहिणींना डाव्या हाताच्या अंगठ्याला शाई लावावी लागली असणार. संध्याकाळी घरी गेल्यावर आई दोघींना साडी-चोळी देते, ओटी भरते. मी कित्येक बायकांना कोर्टात विचारलंय की तो दिवस आठवतो का, तर साडीचा रंग आठवतो. कागद कसला होता ते आठवत नाही. खोटं बोलत नसतात त्या.

चौथा रस्ता कमी लोकांना सुचतो. बाग कुणी विकलेलीच नसते. कुळकायद्यात गेलेली असते. १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनाला, जमीन कसणारं कूळ कायद्यानं खरेदीदार मानलं गेलं आणि मग शेतजमीन न्यायाधिकरणानं कलम ३२ ग खाली नोटिसा काढून किंमत ठरवून दिली. मालक मुंबईला गिरणीत नाहीतर पोस्टात, नोटीस गावच्या पत्त्यावर, कुणी हजर राहिलं नाही, जमीन कुळाच्या नावावर. मालक विधवा असेल तर कुळाचा हा खरेदीचा हक्क पुढं ढकलला जायचा, म्हणून आजी होती तोवर जमीन नावावर राहिली आणि आजी गेल्यावर गेली असंही खूप घरांत झालंय. वर्षानुवर्षं त्या जमिनीत घाम गाळणाऱ्याला ती मिळाली हे योग्यच झालं असं माझं मत आहे, पण ज्या घरातून गेली तिथं मात्र हे कुणी मुलांना सांगितलं नाही. आजोबा तारखेला गेले नाहीत हे सांगायची लाज. मग काय सांगितलं? "काकानं खाल्ली." आणि दोन पिढ्या त्या काकाच्या घरी हळदीकुंकवालाही कुणी गेलं नाही. माझ्याकडं असा एक माणूस चुलत्यावर दावा लावायला आला होता, मी जुने फेरफार काढले, १९६० च्या दशकातला कुळाच्या नावाचा फेरफार निघाला आणि तो सत्तरीचा माणूस खुर्चीत बसून रडला, कारण काका वारून बारा वर्षं झाली होती. जमिनीसाठी नव्हता रडत तो.

बरं, आता कायदा बाजूला ठेवून मला जे खरं सांगायचंय ते. तुमच्या कादंबरीत गुपित एकाच माणसाकडं आहे. दादाला सगळं माहीत, बहिणींना काहीच नाही. तेरावं होतं, कपाटातून फाईल निघते, स्फोट. मैत्रिणींना पटत नाही ते इथं. वीस वर्षं दर मे महिन्यात आंब्याची पेटी येत होती ती बंद झाली, दरवर्षी गणपतीला सगळे गावी जमतात, बागेच्या वाटेला नवं कुंपण दिसतं, आणि एकीनंही विचारलं नाही? मुंबईच्या बाईला पेटी आली नाही तर ती एक वर्ष गप्प बसेल. दुसऱ्या वर्षी फोन करेल. तिसऱ्या वर्षीही ती गप्प असेल तर याचा अर्थ तिला कळलंय आणि विचारायचं नाहीये.

कोर्टात अशा दाव्यात सगळं एका प्रश्नावर येतं, "तुम्हाला केव्हा कळलं?" एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून मला बाहेर काढलं अशी तक्रार असेल तर ते कळल्यापासून १२ वर्षं मुदत. फसवून सही घेतली, दस्त रद्द करा म्हणायचं तर कळल्यापासून ३ वर्षं. घडलं कधी याच्याइतकंच, कधीकधी जास्तच, कळलं कधी याला महत्त्व. मी जेव्हा नवा होतो तेव्हा मला हे नुसतं तांत्रिक वाटायचं. आता वाटतं भावंडांबद्दलचं सगळं या एका प्रश्नात येतं.

एक केस सांगतो, ओळख पटू नये म्हणून गाव आणि साल हलवलंय. मी धाकट्या बहिणीचा वकील. बाग १९९४ ला गेलेली, दावा २००९ चा, आमचं म्हणणं तिला २००७ ला पुतणीच्या लग्नात कळलं. बाई अगदी ठाम, साधी, शाळेत शिक्षिका होती, मला तिच्या शब्दाबद्दल कधी शंका आली नाही. उलटतपासात समोरच्या वकिलानं प्लास्टिकच्या पिशवीतून एक निळं आंतरदेशीय पत्र काढलं. मे १९९६ चा शिक्का. अक्षर हिचंच. "दादा, बागेचं ताईकडून कळलं. तू आईच्या आजारपणासाठीच केलं असशील. मी कधी काही बोलणार नाही. फक्त विहिरीजवळची दोन कलमं त्यांना तोडू देऊ नको." तिनं ते पत्र वाचलं, परत वाचलं, आणि म्हणाली, हो माझं आहे. दावा तिथंच मुदतबाह्य झाला, निकाल पुढं दोन वर्षांनी लागला तेवढंच.

नंतर बाहेर व्हरांड्यात मी तिला जरा चिडूनच विचारलं की तुम्ही मला हे सांगितलं कसं नाही. ती म्हणाली, "लिहिलं तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. नंतर वाटेनासं झालं तेव्हा मी ते लिहिलं होतं हेच विसरले." आणि दादा? त्यानं ते पत्र पुरावा म्हणून जपलं नव्हतं. आईची औषधांची बिलं आणि एक दोनशेपानी वही यांच्यात ठेवलेलं होतं. त्या वहीत पुढून आईचा खर्च, तारखेनिशी, इंजेक्शन, रिक्षा, नारळपाणी, आणि मागून आंब्याच्या पेट्यांचा हिशोब, कुणाला किती पाठवल्या. पेट्यांची पानं १९९४ ला थांबतात. औषधांची आणखी सहा वर्षं चालू. १३ वर्षं त्यानं ते निळं पत्र जपलं कारण सबंध कुटुंबात त्याला कुणी तेवढं एकच बरं बोललं होतं, आणि तेच त्यानं वकिलाच्या हातात दिलं. पत्र वाचलं जात होतं तेव्हा तो बहिणीकडं बघत नव्हता, खिडकीकडं बघत होता.

मी हरलेली केस म्हणून सांगत नाहीये. मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की भावंडांत गुपित कुणा एकाचं नसतं, प्रत्येकाकडं त्याचा तुकडा असतो आणि प्रत्येकाला वाटतं की आपला तुकडा निरुपद्रवी आहे. त्या केसमधल्या ताईला माहीत होतं कारण बागेच्या पैशातले काही तिच्या नवऱ्याच्या दुकानात गेले होते. धाकटीला माहीत होतं आणि तिनं माफ केलं होतं आणि मग माफ केलेलं परत घेतलं. आईला सगळं माहीत होतं आणि ती दर गणपतीत सगळ्यांसमोर म्हणायची की बाग तिघांची आहे, तिघांना मिळून. तुमच्याही कादंबरीत आई हे वाक्य म्हणते. ती ते का म्हणते? ते तुम्ही कुठंच विचारलेलं नाही. मला वाटतं तिला मुलं एकत्र यायला हवी होती, आणि बाग आहे असं म्हटल्याशिवाय ती येतील याची तिला खात्री नव्हती.

त्यामुळे माझा सल्ला असा की फाईल सापडण्याचा सीन ठेवा पण तिथं बहिणीला नवीन काही कळू देऊ नका. तिला स्वतःची सही दिसू द्या. कागद कुठून मिळतो तेही खरं ठेवा. धाकटी चिडून सातबारा काढते, तो आता मोबाइलवर दिसतो, त्यावर परक्याचं नाव आणि शेजारी फेरफार नंबर. तो नंबर घेऊन ती तलाठ्याकडं जाते, जुना हस्तलिखित फेरफार मागते, त्यात तीन ओळींत लिहिलेलं असतं की अमुक तारखेच्या नोंदणीकृत हक्कसोडपत्रानं अमुक दोघींनी हक्क सोडला सबब नावे कमी केली, खाली मंडळ अधिकाऱ्याचा "मंजूर". मग त्या दस्ताच्या नंबरावरून निबंधकाकडून नक्कल. दोन ऑफिसं, दोन-तीन फेऱ्या, मधे एक रविवार. या चार-पाच दिवसांत ती दादाच्याच घरी जेवतेय. वहिनी वाढतेय. हे दिवस लिहा, मैत्रिणींना पटेल.

काही बारीक गोष्टी आहेत त्या झटकन सांगतो. वकील सगळ्यांना बसवून मृत्युपत्र वाचून दाखवतो तो सीन काढा, आमच्याकडं मृत्युपत्र ट्रंकेत सापडतं नाहीतर कुणीतरी फेरफाराला जोडतं तेव्हा बाकीच्यांना कळतं. मृत्युपत्र रजिस्टर असायलाच हवं असं नाही, दोन साक्षीदार हवेत, आणि ते साक्षीदार बहुतेक वेळा शेजारचेच असतात, म्हणजे गावाला आधी माहीत असतं. पेपरात नोटीस देऊन मुलाला बेदखल केलं म्हणून वडिलोपार्जित मिळकतीतला त्याचा हिस्सा जात नाही. घरपट्टी दादा तीस वर्षं भरतोय म्हणून घर त्याचं होत नाही, पण त्याला ते मनापासून वाटत असतं, पावत्या तो पिनेनं लावून ठेवतो, आणि ते वाटणं खोटं नाहीये, कारण दर पावसाळ्याआधी कौलं त्यानंच शेकारलीत. पणजोबांच्या वेळचा कागद दाखवणार असाल तर तो मोडीत असेल, घरात कुणाला वाचता येणार नाही, मोडी वाचणारा शोधावा लागेल, त्याचा उपयोग करून घ्या.

आणि गणपती. तुमच्या मसुद्यात भावंडं आईच्या तेराव्याला भांडतात, पण कोकणात मी पाहिलेलं खरं भांडण गणपतीत होतं, कारण चुली वेगळ्या झाल्या, खोल्यांना तीन कुलपं लागली तरी मूळ घरातला गणपती एकच असतो आणि तो कुणी कुणाला नाकारू शकत नाही. ज्या वर्षी कळलं त्या वर्षी धाकटी गावी येते का? येऊन कुठल्या खोलीत उतरते? आरतीला दादाच्या शेजारी उभी राहते का? मला वाटतं तुमच्या शेवटच्या प्रकरणात हे आलं पाहिजे, कोर्टाचा निकाल नाही आला तरी चालेल.

एक शेवटचं, हे तुम्ही लिहायला बसण्याआधी ठरवा. त्या हक्कसोडपत्रावर धाकटीची सही कुठल्या नावानं आहे, सासरच्या की माहेरच्या? तुमच्या हिशोबानं १९९८ ला तिचं लग्न होऊन सहा-सात वर्षं झालीत. पण समजा नक्कल हातात आली आणि सही माहेरच्या आडनावानं निघाली, गोल, शाळकरी अक्षरात, तर तिला तारीख बघायचीही गरज नाही. ती सही लग्नाच्या आधीची आहे. एकोणिसाव्या वर्षी, लग्नाच्या आठवड्यात, बस्ता बांधायला म्हणून तालुक्याला नेलं होतं त्या दिवशीची. म्हणजे दादानं १९९८ ला विकली तेव्हा तिचं नाव सातबाऱ्यावर नव्हतंच. आणि तिला घेऊन गेलं होतं कोण, तर आई.